दीड सेकंदाची पावलं

कान तपासायच्या त्या खोलीत दोन माणसं जेमतेम मावतात. काचेच्या पेटीत पेशंट, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आणि काचेबाहेर यंत्रापाशी बीपकाका. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण ते तिथून कधी बाहेर पडलेलं नाही. काकांनी लहानमोठे बीप वाजवायचे, ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं, काकांनी कागदावर खूण करायची. सव्वीस वर्षं हेच. नर्सबाईंना वाटतं, यात काय मोठंसं? पण निम्मे पेशंट बहिरे असतात आणि उरलेले शहाणे. ऐकू येत नाही हे कबूल करायची लाज वाटते म्हणून ते अंदाजपंचे बटण दाबत सुटतात, बीप वाजायच्याही आधी. काका त्यांना मिनिटभरात ओळखतात आणि सरळ सांगतात, "आजोबा, मी अजून वाजवलेलं नाही."

असा माणूस कोणाला आवडणार? काका कोणाला आवडत नाहीत, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. एक आजीबाई पेटीत बसल्या होत्या आणि बाहेर टोपलीत ठेवलेला त्यांचा फोन वाजला. टुडुक टुडुक, टुडुक टुडुक, अशी उड्या मारत जाणारी धून. काकांचा यंत्रावरचा हात थांबला. त्यांनी पेटीचं दार उघडलं.

"हा वेग चुकीचा आहे," ते म्हणाले.

"अं?" आजीबाईंनी हेडफोन काढला. "कसला वेग?"

"तुमच्या फोनवरच्या धुनेचा. ती एवढी जलद नाही."

"नातीने घालून दिलीय हो. मजेशीर आहे ना?"

"मजेशीर नाहीये ती!" काका असे ओरडले की नर्सबाई धावत आल्या. पुढे आजीबाईंनी तक्रार केली, मोठ्या डॉक्टरांनी काकांना बोलावून समज दिली, काकांनी ती एका कानाने ऐकली. कानाच्या माणसाला ते सहज जमतं.

ती धून त्यांचीच होती, हे मात्र ते आजीबाईंना बोलले नाहीत. सांगून काही उपयोग नसतो, हे ते अनुभवाने शिकले होते. "मी केलीय" असं म्हटलं की लोक आधी हसतात, मग टाळीसाठी हात पुढे करतात, आणि मग दोन बोटं टेबलावर नाचवून त्या जुन्या कॉम्प्युटर-खेळातला उड्या मारणारा म्हातारा करून दाखवतात. तो म्हातारा बघितला की काका उठून जातात. पस्तीस वर्षं जातायत.

पस्तीस वर्षांपूर्वी काका कोणाचेच काका नव्हते. घरात ते धाकटे, आणि त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठा दादा. बाहेरच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर, दादाने घरगुती कॉम्प्युटर मांडला होता. तो टीव्हीला जोडायचा, तेव्हा कुठे दिसायचा. दादाचं डोकं अफाट. त्याने एकट्याने एक खेळ लिहायला घेतला: दीपगृहाचा म्हातारा रखवालदार गोल जिना चढत जातो आणि वादळ यायच्या आत वर जाऊन दिवा लावतो. खेळाला संगीत हवं होतं. धाकट्याला कान होता. दादा म्हणाला, "तू कर."

जिना म्हटल्यावर धाकट्याला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. त्यांच्या घरी जिना चढून येणारा एकच माणूस होता ज्याची पावलं भिंतीपलीकडूनही ओळखू यायची. बाबा. एक पाय धड, एक अधू. धड पाऊल पटकन पडायचं, अधू पाऊल मागून ओढत यायचं, आणि दोन्हींच्या मध्ये कठड्याला धरून घेतलेला श्वास. संध्याकाळी सहाला ही पावलं खालून सुरू व्हायची आणि घर गप्प व्हायचं. आई भांडं खाली ठेवायची, दादा पुस्तक उघडायचा.

घर गप्प का व्हायचं, तेही सांगून टाकतो. बाबांचा पाय जन्मापासून तसा नव्हता. दादा एकोणीस वर्षांचा असताना बाबांना मागे बसवून स्कूटरवरून निघाला होता. वळणावर बाबा म्हणाले, "हळू घे." दादाने घेतली नाही. बाबांचा पाय स्कूटरखाली आला, दादाला खरचटलंदेखील नाही. घरी यावर एक शब्दही कोणी कधी बोललं नाही. बाबा तर नाहीच नाही. उलट कोणी विचारलं की "मीच घसरलो" म्हणायचे. बोलायची गरजही नव्हती. रोज सहाला जिना बोलायचा.

धाकट्याने दाराआड बसून ती पावलं मोजली. संगीत तेव्हा सेकंदांत लिहीत नसत. टीव्ही सेकंदाला ठरावीक वेळा चित्र नव्याने काढतो, इकडे पन्नास वेळा. चित्र एकदा निघालं की संगीत एक ठोका पुढे सरकवायचं, अशी सगळ्यांची पद्धत. म्हणजे सेकंदाला पन्नास ठोके. धाकट्याने धड पावलाला तीस ठोके दिले, अधू पावलाला पंचेचाळीस. दोन्ही मिळून पंचाहत्तर, म्हणजे बरोबर दीड सेकंद. वर त्याने एक साधी, खालच्या पट्टीतली धून बसवली, जी प्रत्येक अधू पावलाला जराशी अडायची. पडद्यावरचा रखवालदार दोन्ही पायांनी नीट चालायचा. लंगडायचं ते फक्त संगीत. ती रडायची धून होती. निदान धाकट्यापुरती तरी. यात बाबा आहेत हे त्याने कोणाला सांगितलं नाही. ज्याला कळेल त्याला कळेल, असा त्या वयाचा तोरा. कोणालाच कळलं नाही.

इकडे खेळ फारसा कोणी घेतला नाही. पण समुद्रापलीकडच्या एका कंपनीला तो आवडला, आणि तिकडचे टीव्ही निघाले सेकंदाला साठ चित्रं काढणारे. कंपनीने चाचणीसाठी तिकडचा कॉम्प्युटर आणि तिकडचा टीव्ही पाठवला. दादाने दोन्ही संच शेजारी शेजारी लावले आणि एकदमच सुरू केले. दहाबारा सेकंदांतच तिकडचा पुढे पळाला. सूरही किंचित वर चढला. दीड सेकंदाची पावलं सव्वा सेकंदात पडायला लागली, आणि त्या पाव सेकंदात लंगडणं संपून भलतंच काहीतरी सुरू झालं. म्हातारा उड्या मारायला लागला. एका पायावर, पोरांनी लंगडी घालावी तसा.

"दादा, हे असं जाता कामा नये," धाकटा म्हणाला.

"खेळाचं सगळं मी साठला जुळवून घेतलंय. संगीत राहिलंय फक्त."

"मग तेही जुळव. दर सहाव्या ठोक्याला संगीताला गप्प बसव. साठातले दहा गेले, पन्नास उरले. झालं."

"बघतो," दादा म्हणाला.

तेवढ्यात बाबा खुर्चीतून म्हणाले, "हे बरं आहे की रे. पहिलं फार रडकं होतं." आणि त्यांनी अधू पायानेच ताल धरला. धाकट्याला तेव्हा जे वाटलं ते तो कोणापाशी बोलला नाही. बाबांना कान नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि आयुष्यभर घालत राहिला.

चार दिवसांनी दादा म्हणाला, "जागा नाही रे. बारा बाइट कमी पडतायत. सगळी मेमरी ठासून भरलीय. कुठूनही निघत नाहीत."

बारा बाइट म्हणजे बारा अक्षरं. एखाद्याचं आडनावही कधीकधी तेवढं असतं. पण दादाने सांगितलं म्हणजे नसणारच जागा. त्या बाबतीत दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. खेळ साठनेच गेला आणि तिकडे तुफान चालला. लोकांनी ती धून शिट्टीवर घेतली, जाहिरातींत घातली, पुढे फोनवर घातली. तिकडून फिरून ती इकडे आली ती तशीच, उड्या मारत. पन्नासची धून ऐकलेले लोक मुळात मूठभर. तेही हळूहळू म्हणायला लागले की आम्हाला जुनी आठवते ती जरा रेंगाळलेली होती बुवा. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय!

काकांनी मग संगीत केलंच नाही. कॉम्प्युटरच्या मासिकांना पत्रं लिहिली, "वेग चुकीचा आहे" म्हणून. दोन छापून आली, विनोदाच्या पानावर. लग्न झालं, दवाखान्यात नोकरी लागली, बाबा गेले. काकू समजूतदार. पण एकदा त्याही वैतागल्या. "अहो, सगळ्या जगाला आवडतंय, तुम्हालाच का टोचतंय?"

"कारण ती रडायची धून आहे आणि लोक तिच्यावर नाचतात."

"नाचू दे की."

"तुझ्या वडिलांच्या फोटोला कोणी मिश्या काढल्या तर चालेल तुला?"

काकूंना यातलं वडिलांचं काही कळलं नाही. त्यांनी तो विषय कायमचा सोडून दिला. काकांनी सोडला नाही. मनात त्यांचा एक हिशेब पक्का होता: धून खरी आहे, चूक टीव्हीची आहे, आणि दादा बिचारा बारा बाइटपुढे हरला. दादावर त्यांचा राग नव्हता. जगावर होता, तो पुरेसा होता.

मग यंदा जुन्या कॉम्प्युटरच्या संग्रहालयातून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, पाठीला सॅक, बोलायला मोकळ्या. संग्रहालय जुन्या खेळांच्या संगीताची तबकडी काढत होतं, जाड पुठ्ठ्याच्या वेष्टणातली, आणि पहिलीच धून काकांची होती.

"एकच विचारायला आलेय," त्या म्हणाल्या. "पन्नास की साठ? तबकडी एकदा कोरली की पुढे तीच प्रमाण. तुम्ही लिहून द्याल त्या वेगाने जाईल. मूळ संगीतकाराची सही असली की कोणी वाद घालत नाही."

पस्तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. त्यांनी काकूंना हाक मारली, चहा टाकायला सांगितला, बिस्किटं काढायला सांगितली. काकू दारातच थबकल्या. नवरा पाहुण्यांना बिस्किटं देतोय हे त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

"पन्नास," काका म्हणाले. "सही कुठे करायची?"

"थांबा, घाई नाही. त्याआधी एक गंमत दाखवते." बाईंनी सॅकमधून छापील कागदांची चळत काढली. "तुमच्या भावाने गेल्या वर्षी जुन्या फ्लॉपींचा खोकाच देऊन टाकला आम्हाला. म्हणाले, घरात नको. त्यात हा तिकडच्या आवृत्तीचा मूळ प्रोग्रॅम निघाला. हे बघा, इथे संगीताचा भाग सुरू होतो. आणि हे काय आहे सांगा?"

काकांनी चष्मा लावला. एक मोजणी होती, सहापर्यंतची. सहावा आकडा आला की संगीताला गप्प बसवायचं, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बारा बाइट. अगदी मोजून बारा.

"म्हणजे केलं होतं त्याने," काका म्हणाले.

"केलं होतं. चालतंही उत्तम, मी करून पाहिलं. पण त्याच्या वरची ओळ बघा. हा भाग ओलांडून थेट पुढे जा, असा हुकूम आहे. दार केलंय आणि त्याला बाहेरून कडी लावलीय." बाई हसल्या. "मला वाटलं, विसरले असतील कडी काढायला."

"जागा नव्हती," काका पुटपुटले.

"जागा कशी नव्हती? ही काय, अडवून बसलीय की तीच जागा. उलट कडीला तीन बाइट जादा गेलेत."

बाईंना त्यात गंमत वाटत होती, त्यांचा काही दोष नाही. काकांनी सही केली नाही. आठ दिवसांनी या म्हणाले. चहा तसाच राहिला.

दुपारी काकू बाहेर गेल्यावर त्यांनी दादाला फोन लावला. दादा दुसऱ्या शहरात, निवृत्त, बायको गेल्यापासून एकटा. दोघांचं बोलणं महिन्या-दोन महिन्यांनी व्हायचं: तब्येत, पाणी, नातेवाईक.

"दादा, जागा होती."

पलीकडे टीव्ही बंद झाला. मग दादा म्हणाला, "फ्लॉपी द्यायलाच नको होत्या."

"होती ना जागा?"

"होती."

"मग खोटं का बोललास? सगळं जग हसलं माझ्यावर. पस्तीस वर्षं! मी त्या बारा बाइटांना शिव्या घालत बसलो. तुला एकदाही वाटलं नाही सांगावंसं?"

"मी ते लावलं होतं," दादा म्हणाला. "तीन दिवस ठेवलं. तुला हवं होतं तसंच वाजत होतं. मग काढलं."

"का पण?"

"तुला माहीत नाही?"

"नाही!"

"अरे, बाबा चढायचे त्यात." दादाचा आवाज उतरला. "पहिल्याच दिवशी ओळखलं मी. तीस आणि पंचेचाळीस. तू आकडे सांगत होतास आणि मी टाइप करत होतो, तेव्हाच. खेळ तपासायचा म्हणजे दिवसातून शंभर वेळा ऐकायचं. दिवसभर तुझे बाबा, आणि सहाला खरे. कुठे जाणार मी?"

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि मग तो तिकडचा टीव्ही आला. साठवर लावलं आणि ते लंगडणंच गेलं रे. कोणीतरी धड पायांचा माणूस टणाटण जिना चढत होता. मला काय वाटलं तुला सांगता येणार नाही. बाबांनाही आवडलं, आठवतं तुला? मी कडी घातली. चुकलं माझं. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा घालीन."

साऱ्या जगात ती धून एका माणसाला कळली होती. नुसती कळली नव्हती, त्याच्या हाडापर्यंत पोचली होती. आणि त्यानेच ती मोडली होती. काकांना रडू यायला हवं होतं, आला राग. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, पण चावलं की दुखतंच.

"एक विचारू?" दादा म्हणाला. "ती तू बाबांसाठी केलीस की मला ऐकवायला?"

"बाबांसाठी," काका म्हणाले. पण प्रश्न पुरता संपायच्या आत म्हणाले. अशी घाईची बटणं त्यांनी सव्वीस वर्षं पेटीच्या बाहेर बसून पकडली होती.

दादाने ते लावून धरलं नाही. "ती तबकडीवाली बाई मलाही भेटून गेली. साठच राहू दे ना. लोकांना तसंच माहितीय. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही."

हे खरं होतं. दादाने कधीच कोणाकडे काही मागितलं नव्हतं. स्कूटर पडल्यापासून तर नाहीच.

"बघतो," काका म्हणाले.

ते आठ दिवस काकांनी दवाखान्यात कोणाची खरडपट्टी काढली नाही. नर्सबाईंना वाटलं, तब्येत बिघडली. घरी ते खिडकीशी बसून राहायचे आणि नको ते आठवत राहायचे. धून तयार झाली तेव्हाचे दिवस. दादा खोलीत आला की आपण टीव्हीचा आवाज वाढवायचो, हे त्यांना आठवलं. आधी वाटलं, कौतुकाने वाढवत असू. मग आठवलं की आवाज वाढवून आपण पडद्याकडे बघत नसू. दादाच्या तोंडाकडे बघत असू. त्याचा चेहरा हलतो का, ते. तो कधी हलला नाही, आणि दुसऱ्या दिवशी आपण आवाज आणखी वाढवायचो.

बाबांनी कधी दादाला बोल लावला नाही. आईने नाही. कोणीतरी लावायला हवा होता, असं तेव्हा त्या सोळा वर्षांच्या, मग बावीस वर्षांच्या पोराला वाटत होतं. आताही वाटतं का, असं काकांनी स्वतःला विचारून पाहिलं. सत्तावन्नाव्या वर्षी माणसाने नाही म्हणावं. काकांना म्हणवलं नाही.

आठ दिवसांनी संग्रहालयाच्या बाई आल्या. या वेळी बिस्किटं नव्हती. त्यांनी कागद पुढे सरकवला, दोन चौकोन होते. काकांनी पन्नासच्या चौकोनात खूण केली, खाली सही केली, तारीख घातली.

"वा," बाई म्हणाल्या. "अखेर न्याय मिळाला म्हणायचा तुम्हाला."

काकांनी पेनाला टोपण लावलं.

"तबकडीवर भावाचंही नाव आहे, तेव्हा एक प्रत त्यांचीही. पण ते फोनवर म्हणत होते, मला पाठवू नका म्हणून. नाही पाठवली तरी चालेल. काय करू?"

स्वयंपाकघरात काकू भांडी लावत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांना काहीच माहीत नव्हतं, तरी थांबला.

"पाठवा," बीपकाका म्हणाले. "लिहून घ्या." आणि घर नंबर, मजला, गल्ली, पिनकोड असा दादाचा सगळा पत्ता त्यांनी सावकाश सांगितला, आणि बाईंकडून एकदा वाचून घेतला.